प्रोब धरायला माणूस नाही

हूक सातव्यांदा निसटला तेव्हा मीटरकाकांनी प्रोब टेबलावर आपटला नाही. ठेवला. पण असा ठेवला की कपाखालची बशी वाजली.

काम तसं साधं होतं. बोर्डावर एका चिपचे दोन पाय शेजारी शेजारी. एकावर एक प्रोब, म्हणजे मोजायच्या वायरीचं टोक, टेकवायचा, दुसऱ्यावर दुसरा, आणि बोर्डाला जोडलेली, यंत्राचे फेरे मोजणारी चकतीची डबी हळूहळू फिरवायची. म्हणजे स्कोपच्या, विजेची चढउतार दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर एकीखाली एक अशा दोन रेघा धावतात. त्या एकाच वेळी बघायच्या, दोघींची पावलं जुळतात का ते ताडायचं. दोन प्रोबना दोन हात लागतात. चकती फिरवायला तिसरा लागतो. पडद्यावरची रेघ सरकली तर बटण फिरवायला चौथा.

बावीस वर्षं हे दोन जादा हात बायकोचे होते. गेल्या आठ महिन्यांपासून नव्हते.

घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. मीटर, गेज, कारखान्यांच्या यंत्रांचे बोर्ड असलं काहीही तिथे दुरुस्तीला यायचं, म्हणून गल्लीत त्यांना मीटरकाका म्हणत. बायकोला विजेतलं काही कळत नव्हतं, असं ती स्वतःच सांगायची. पण "उजवा तिसऱ्या पायावर, डावा सातव्या" म्हटलं की उजवा तिसऱ्यावर आणि डावा सातव्यावर. अर्धा अर्धा तास सुईच्या टोकाएवढी जागा हलायची नाही. काका पडद्यावर डोळे लावून बसायचे, एका हाताने बटण फिरवायचे, दुसऱ्या हाताने चहा प्यायचे. चहा पिताना हात रिकामा असतो हे कधी लक्षातही आलं नव्हतं.

हा बोर्ड मोज्यांच्या कारखान्यातला होता. मंगळवारी फोरमन घेऊन आला आणि सोबत एक मोजाही. मोज्याच्या टाचेत बोट जाईल एवढं भोक. यंत्र मधेच टाका सोडत होतं, दर चार-पाच मोज्यांमागे एक. फोरमन म्हणाला की हवेशीर मोजे म्हणून विकून बघितले, पण गिऱ्हाईक हुशार निघालं. मग जरा गंभीर होऊन त्याने खरं ते सांगितलं. मालकाने यंत्राच्या कंपनीच्या माणसाला शनिवारी दुपारी बोलावलं होतं. तोपर्यंत हा बोर्ड चालला तर ठीक, नाहीतर या यंत्रात नवीन बोर्ड बसणार आणि बाकीच्या पाच जुन्या यंत्रांतही. म्हणजे काकांकडे यायचं काही उरणार नाही. आणि या कारखान्याखेरीज नेमाने येणारं दुसरं गिऱ्हाईक काकांकडे राहिलं नव्हतं.

एवढंच असतं तर चाललं असतं. पण त्याच्या आदल्या रविवारी फोनवर मुलाशी जुंपली होती. मुलगा दुसऱ्या शहरात. आई गेल्यापासून तो एकच पालुपद लावून होता, की बाबा, आता पुरे, दुकान बंद करा आणि इकडे या, एकट्याने होणार नाही तुमच्याच्याने. त्या शेवटच्या वाक्याने काकांचं डोकं फिरलं. ते म्हणाले, पुढचं जे काम येईल ते एकट्याने करून दाखवतो. नाही झालं तर सोल्डरिंगचं सगळं सामान भंगारात घालून तुझ्या दारात उभा राहतो. मुलगा म्हणाला, ठरलं. काकांना वाटलं होतं तो म्हणेल, अहो बाबा, असं कुठे असतं का. तो ठरलं म्हणाला. आणि पुढचं काम हे आलं.

पहिला दिवस हुकांत गेला. प्रोबच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते, तिच्यात बारीक आकडा. टोपी दाबली की आकडा बाहेर येतो, सोडली की पायाला धरून बसतो. निदान बसावा अशी अपेक्षा असते. पण या चिपचे पाय इतके दाटीवाटीने की आकडा धरायचा एकाला आणि घासायचा दुसऱ्याला. चकती थोडी फिरवली, बोर्ड जरासा हलला, की निसटला. काकांनी बोर्डाला चिमटा लावला, प्रोबच्या वायरी चिकटपट्टीने टेबलाला चिकटवल्या, एका वायरीवर पाना ठेवला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाना घसरला, वायर ओढली गेली, आकडा दोन पायांच्या मधे आडवा पडला. बोर्डाच्या कोपऱ्यातून धुराची बारीकशी शेंडी वर आली. जळालेला भाग छोटाच होता आणि बदलता आला, पण दुरुस्तीला आलेला बोर्ड आपणच जाळायचा म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

बुधवारी सकाळी मेहुणी डबा घेऊन आली. बायकोची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. बहीण गेल्यापासून रोज डबा आणायची आणि डब्याबरोबर चार शब्दही ऐकवायची. टेबलावरची चिकटपट्टी, चिमटे, पाने बघून तिने विचारलं की हा बोर्ड दुरुस्त होतोय की त्याला फरार होण्यापासून अडवताय. मग पदर खोचून म्हणाली, द्या इकडे, मी धरते.

काका नको म्हणाले. ती बसलीच. खिडकीकडच्या स्टुलावर बसली, जिथे गेले आठ महिने कोणी बसलं नव्हतं. पण स्टूल शेवटी स्टूलच आहे, असं मनाशी म्हणून त्यांनी तिच्या हातात प्रोब दिले. तिने धरले. धरता धरता शेजारणीच्या सुनेचं सांगू लागली. सुनेचं सांगताना तिचा उजवा हात सुनेच्या बाजूने होता आणि डावा सासूच्या. पडद्यावरच्या रेघा वेड्यासारख्या उड्या मारायला लागल्या.

"हलवू नकोस," काका म्हणाले.

"मी कुठे हलवतेय? तुमचा टीव्हीच हलतोय."

"तुझा हात हलतोय. तिचा कधी हलला नाही."

हे बोलायला नको होतं. मेहुणीने प्रोब खाली ठेवले, हात पुसले, आणि नाचता येईना अंगण वाकडं एवढंच म्हणून रोजच्या सवयीने डबा उचलून निघून गेली. डबा अजून रिकामा झालेला नव्हता. जेवण त्यातच होतं. तेही गेलं.

त्या उपाशी दुपारी काकांना युक्ती सुचली. हूक पायाला धरत नाही ना, मग पायालाच वायर जोडू. त्यांनी दोन बारीक वायरी वीतभर लांबीच्या कापल्या, दोन्ही पायांना सोल्डरचा डाग देऊन जोडल्या, ग्राउंडसाठी, म्हणजे बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या पट्टीसाठी, अशीच एक तिसरी, आणि वायरींची मोकळी टोकं हुकांत अडकवली. पक्कं. बोर्ड हलवला, चकती फिरवली, टेबलाला गुडघा मारून बघितला. काही निसटलं नाही. दोन्ही हात मोकळे. काकांनी आठ महिन्यांत पहिल्यांदा दुकानात शीळ घातली.

मग पडद्याकडे बघितलं आणि शीळ थांबली.

दोन्ही रेघा दिसत होत्या. चकती फिरली की रेघ वर जाते, सपाट राहते, खाली येते, पुन्हा वर जाते. चौकटींच्या ओळीसारखी दिसायला हवी. इथे प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर केस उभे राहिल्यासारखे काटे होते. वर जाताना काटे, खाली येताना काटे. काकांना वाटलं, सापडलं. एवढे काटे असतील तर यंत्राला चौकट कुठली आणि काटा कुठला हे कळणार कसं, ते टाका सोडणारच. चिप खराब झाली असणार. त्यांनी ती चिप काढली. चोवीस पाय, जुना बोर्ड, तांब्याची पट्टी सुटू नये म्हणून एकेक पाय जपून. मागच्या खोलीतल्या एका भंगार बोर्डावर तसलीच चिप होती, ती काढून बसवली. संध्याकाळ झाली. वायरी पुन्हा जोडल्या, चकती फिरवली.

काटे तसेच.

गुरुवारी सकाळी त्यांनी कपॅसिटर बदलले. आधी दोन, मग चार, मग जेवढे दिसले तेवढे. काटे तसेच. बोर्डाला वीज देणारा भाग बदलला. काटे तसेच, उलट एक वाढला. डोळे चुरचुरत होते, चष्म्यावर सोल्डरचा धूर बसला होता. मेहुणीने डबा शेजाऱ्यांच्या हाती पाठवला, स्वतः आली नाही. मुलाचा फोन आला, त्याने फक्त विचारलं की काम कसं चाललंय. काकांना त्या आवाजात मोजमाप ऐकू आलं. चाललंय, म्हणाले, आणि फोन ठेवला.

जेवून आल्यावर त्यांनी प्रोब काढायला हात घातला. एका हुकातली वायर सुटली आणि त्यांनी काही विचार न करता हूक ग्राउंडच्याच वायरीला अडकवला, नुसता टांगायला म्हणून. चकतीवर कोपर लागलं आणि ती फिरली.

पडद्यावर काटे आले.

काका बघत राहिले. प्रोबचं टोक ग्राउंडला, प्रोबचा ग्राउंड ग्राउंडला. तिथे काहीच नसतं. सपाट रेघ यायला हवी. आणि काटे येत होते, तेच, तसेच, केसांसारखे. म्हणजे काटे बोर्डात नव्हतेच. वीतभर वायरींचा जो फास त्यांनी स्वतः बांधला होता तो आजूबाजूची खरखर गोळा करत होता. एक अख्खा दिवस ते आपल्याच वायरीचा आजार बोर्डाला लावत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी. एक चांगली चिप आणि कितीतरी धडधाकट कपॅसिटर टेबलाच्या कडेला ढिगाने पडले होते.

आणि हे त्यांना माहीत होतं, हीच खरी चीड. नोकरी करत होते तेव्हा नव्या लोकांना ते पहिल्या दिवशी हेच शिकवायचे, की लांब वायर खोटं बोलते. मग विसरले कसे? टेबलाशी बसल्या बसल्या त्यांनी आठवून बघितलं, आणि आठवलं तो बायकोचा हात. ती प्रोबची टोपी काढून ठेवायची. हूक निसटतो म्हणायची. लांब ग्राउंडची वायरही काढायची, मधे मधे येते म्हणायची. उघड्या प्रोबच्या मानेला तारेचे दोन वेढे द्यायची आणि त्या तारेचं टोक शेजारच्या ग्राउंडवर टेकवायची. तिने हे कशासाठी केलं ते तिला सांगता आलं नसतं. काकांनी कधीतरी एकदा तसं धरून दाखवलं असेल, आणि पुढे बावीस वर्षं त्यांना त्याचा विचार करावा लागला नाही. ती तार आता नव्हती. आवराआवरीत केरात गेली असणार, तारेच्या तुकड्याकडे कोण बघतं. असती तरी ती धरायला हात लागलाच असता.

म्हणजे करायचं काय ते आता स्पष्ट झालं होतं. प्रोबची टोपी काढली की आत दोन गोष्टी उरतात, मधोमध टाचणीसारखी बारीक सुई आणि तिच्यामागे मानेला धातूचं कडं. सुई पायाला लागली पाहिजे, कडं ग्राउंडला, दोन्ही इतक्या जवळून की मधे वायर म्हणावी असं काही उरू नये. आणि सगळं बोर्डावर आपलं आपण उभं राहिलं पाहिजे. असली तयार टोकं पूर्वी प्रोबबरोबर मिळायची. काकांचे प्रोब बनवणाऱ्यांनी ते मॉडेल कधीचंच बंद केलं होतं, आणि नवीन प्रोबची टोकं जुन्या मानेत बसत नव्हती. घरीच करणं भाग होतं. हातात पुरते दोन दिवसही नव्हते.

सुई ज्यात शिरेल अशी बारीक नळी हवी होती. काका कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले आणि इंजेक्शनची सगळ्यात जाड सुई मागितली. औषधवाल्याने चिठ्ठी मागितली. चिठ्ठी नाही. मग कोणासाठी हवी? काका म्हणाले, बोर्डासाठी. औषधवाल्याने चष्मा खाली करून त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं की झोप वगैरे नीट लागते ना, मुलगा इथे असतो की बाहेर. अख्खी गल्ली त्यांच्याशी हल्ली याच आवाजात बोलायची. काकांनी सुई घेतली आणि मागे न बघता निघाले.

प्रोबचं टोक इंजेक्शनच्या सुईत छान बसलं. पण सुई पोलादी, तिला सोल्डर काही धरेना. थेंब टाकला की पानावरच्या पाण्यासारखा घरंगळून जायचा. कानशीने घासली, पुन्हा टाकला, पुन्हा घरंगळला. बाहेरून मानेला धरणाऱ्या दुसऱ्या कड्यासाठी पेनातली स्प्रिंग घेतली. तिचंही तेच, शिवाय मापाला लहान. ओढून मोठी केली तर ती उडाली आणि कपाटाखाली गेली. दुसऱ्या पेनातली काढली. ती खिडकीतून गेली. शुक्रवारी सकाळी घरात लिहायला पेन उरलं नव्हतं.

मग तांब्याची तार. ती सोल्डरला लगेच धरते. साडेचार मिलीमीटरच्या ड्रिलवर सहा वेढे दिले, ड्रिल काढलं, स्प्रिंग तयार. प्रोबच्या मानेवर घट्ट बसली. काढली, पुन्हा बसवली, जराशी सैल. तिसऱ्यांदा बसवली तर बोटात फिरणाऱ्या अंगठीसारखी गरगर फिरायला लागली. तांबं मऊ. एकदा वाकलं की पुन्हा मागे येत नाही.

सुईच्या नळीचं काम मात्र जमलं. चिपा बसवायचं एक जुनं सॉकेट होतं, गोल भोकांचं. पकडीने त्याचं प्लास्टिक फोडलं आणि आतली एकेक पितळी नळी मोकळी केली. प्रोबची सुई तिच्यात टच्चकन बसली. नळी सोल्डरला धरत होती. आता नळी आणि कडं सरळ रेषेत यावीत म्हणून काकांनी प्रोब आत घालूनच डाग द्यायचं ठरवलं. घाई होती. दोन सेकंदांत होईल म्हणाले. चार लागले. प्रोबचं प्लास्टिकचं नाक वितळलं, सुजलं, आणि एका बाजूला कललं.

काकांनी हात टेकले. अक्षरशः, दोन्ही तळवे टेबलावर टेकून ते उभे राहिले आणि स्टुलाकडे बघून म्हणाले, "आता तूच सांग." मग स्वतःचीच लाज वाटून त्यांनी खिडकी उघडली, जळक्या प्लास्टिकचा वास जाऊ दिला, बारीक कानस घेतली आणि प्रोबचं सुजलेलं नाक घासत बसले. दुपार त्यातच गेली. नाक बारीक झालं. सुंदर नाही, पण कड्यात जाण्यापुरतं.

शनिवारी सकाळी सहाला उठले ते डोक्यात पितळ घेऊनच. तांबं मऊ, पोलाद सोल्डर घेत नाही. जे सोल्डर घेतं आणि वाकून परत येतं असं घरात काय आहे? त्यांनी स्वयंपाकघरातलं एक निकामी विजेचं सॉकेट भिंतीतून उपसून काढलं. आत प्लग धरून ठेवणाऱ्या पितळी पट्ट्या होत्या, चांगल्या चिवट. एक पट्टी कात्रीने अरुंद केली, ड्रिलवर वळवली, पण टोकं जुळवली नाहीत. मुद्दाम फट ठेवली. त्या फटीमुळे ती उघडायची आणि प्रोबच्या मानेला चावून बसायची. काढा, घाला, काढा, घाला. वीस वेळा घातलं, चाव तीच. या खेपेला डाग देताना प्रोबच्या जागी ड्रिलचा दांडा घातला. एवढं शहाणपण यायला एका प्रोबचं नाक गेलं.

दोन जोड तयार झाले. नळी चिपच्या पायावर डाग देऊन उभी, कड्याला ठेवलेली पट्टीची शेपटी शेजारच्या ग्राउंडवर, मधलं अंतर तांदळाच्या दाण्याएवढं. काकांनी पहिला प्रोब घातला आणि हात सोडला. उभा राहिला. दुसरा घातला, हात सोडला. बोर्डावर दोन खुंट्यांसारखे दोन प्रोब उभे होते आणि त्यांना कोणी धरलं नव्हतं.

चकती फिरवली. काटे नाहीत. दोन स्वच्छ रेघा, चौकटीमागे चौकट, एकीच्या पावलाच्या अर्ध्या अंतरावर दुसरीचं पाऊल. काका फिरवत राहिले. अर्धा फेरा, पाऊण फेरा, आणि खालच्या रेघेत एक चौकट आलीच नाही. फणीचा एक दात पडावा तशी. पुन्हा फिरवलं. बरोबर त्याच जागी पुन्हा नाही. वरची रेघ पूर्ण, खालची तेवढ्याच जागी बोळकी.

त्यांनी डबीचं झाकण उघडलं. आतल्या चकतीला कडेने बारीक बारीक फटींच्या दोन ओळी होत्या, फटी केसाएवढ्या, एका ओळीची एक रेघ. त्यातल्या एका फटीत सुताचा तंतू अडकला होता. मोज्याचं सूत, निळं. काकांनी चिमट्याने ते काढलं, ब्रशने चकती झाडली, झाकण लावलं, फिरवलं. सगळे दात जागेवर.

बोर्डात काही बिघाड नव्हताच. तो त्यांनीच मंगळवारी जाळला, बुधवारी सोलला, गुरुवारी पोखरला. आणि एवढं सगळं होऊनही तो चालत होता.

तेवढ्यात मेहुणी डबा घेऊन आली. राग तिचा जास्त दिवस टिकत नसे. काकांनी तिला हात धरून आत आणलं आणि दाखवलं. बघ, कोणी धरलेलं नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले, चोराने पोलिसाला दाखवावेत तसे. मग एका हाताने चकती फिरवली, दुसऱ्या हाताने बटण.

मेहुणीने वाकून बघितलं. पितळेच्या त्या दोन कड्यांना बोट लावलं.

"हे करायला किती वेळ लागला?"

"चार दिवस जीव खाल्ला."

"तसं नाही. हे, आत्ताचं."

"हे होय. दीड तास लागला असेल. जास्तीत जास्त दोन."

तिने हातातला डबा टेबलावर ठेवला, झाकण नीट बसलंय का बघितलं, पुन्हा बघितलं.

"ताईचं मनगट शेवटची सहा-सात वर्षं सुजायचं, भावोजी," ती म्हणाली. "इथून उठली की माझ्याकडे यायची. मी गरम पाण्यात धरून बसायचे तिचा हात. आणि हे दीड तासाचं काम होतं."

टोमणा असता तर काकांकडे उत्तर होतं. पण तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती नुसती हिशेब न लागलेल्या माणसासारखी उभी होती. जेवून घ्या, म्हणाली, आणि गेली.

अकराला फोरमन आला. त्याने बोर्ड आणि डबी नेली, आणि साडेबाराला कारखान्यातून फोन केला. यंत्र चालू होतं, सलग तीस मोजे निघाले, एकालाही खिडकी नाही. कंपनीच्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं. दुपारी तो स्वतः दुसऱ्या यंत्राचा बोर्ड घेऊन हजर. काकांनी त्याला दर महिन्याला चकती ब्रशने झाडायला सांगितलं, आणि हेही सांगितलं की चिप आणि कपॅसिटर उगाच बदलले, चूक माझी होती. फोरमन म्हणाला, चालतंय ना काका, मग झालं तर.

चालत होतं. काकांनी जेवण गरम केलं आणि अर्धं टाकलं. मग मुलाला फोन लावला. काम झालं म्हणून सांगितलं. एकट्याने झालं.

मुलगा म्हणाला की बरं झालं, आणि ते त्याने मनापासून म्हटलं हे ऐकू आलं. तुम्ही तिकडेच राहा मग, म्हणाला, मी आता विषय काढणार नाही. सबंध आठवडा ज्या वाक्यासाठी जीव टांगणीला होता ते वाक्य मिळालं होतं. काकांनी फोन ठेवला नाही.

"तुझ्या आईचं मनगट दुखायचं," ते म्हणाले. "तुला माहीत होतं?"

"हो बाबा. सगळ्यांना माहीत होतं."

"मला कोणी का नाही सांगितलं?"

"तीच सांगू द्यायची नाही." मुलगा म्हणाला. "मी एकदा सांगणार होतो. तर म्हणाली, गप्प बस, त्यांना कळलं तर ते काहीतरी जुगाड करतील. मग मी तिथे जाऊन बसू कशाला?"

 मुलाने दोनदा हॅलो म्हटलं. ऐकतोय, काका म्हणाले, आणि मग नंतर बोलू म्हणून फोन ठेवला.

राग आला होता, पण कोणावर काढायचा ते कळेना. तिच्यावर? एका शब्दाने सांगायला काय झालं होतं. दोन स्टुलं असती. प्रोब बोर्डावर उभे राहिले असते आणि ती नुसती बसली असती, चहा घेऊन, हात मोकळे. मी काय तिला ऊठ म्हणणार होतो, असं ते मोठ्याने म्हणाले. मग त्यांनी जरा विचार केला. म्हणाले असते. जागा अडते म्हणाले असते, आत जरा काही बघ म्हणाले असते. तिने त्यांना बरोबर ओळखलं होतं.

नवीन बोर्ड टेबलावर होता. याची चिप वेगळी, पाय आणखी दाट. सकाळची कडी याला बसणार नव्हती. काकांनी सॉकेटमधल्या उरलेल्या पट्ट्यांतली एक घेतली आणि कात्रीने ती आणखी अरुंद करायला लागले. पहिली वाकडी कापली गेली. ती टाकून दुसरी घेतली.